चार स्क्रू

श्रीरंग दुबईला आला तो दोन वर्षांपुरता. चार पैसे गाठीला बांधायचे आणि मुंबईत स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. मग ते दुबईतच भरवू असं ठरलं, मग निदान चौघा चित्रकारांनी मिळून, मग पोरगी कॉलेजला गेल्यावर. तोवर रास अल खोरच्या गोदामात तो हॉटेलांच्या खोल्यांसाठी वाळूच्या रंगाची चित्रं काढत राहिला. चित्रावर सही करायची नाही, हा मालकाचा नियम.

ईदच्या सुट्टीत बायकोनं, केतकीनं, एक हॉटेल बुक केलं. खोलीत शिरतो तर पलंगासमोरच्या भिंतीवर त्याचंच चित्र, आणि तेही उलटं! कोपऱ्यात सही नाही म्हटल्यावर लावणाऱ्याला खालची बाजू कळणार कशी? तो उतरवायला धावला, पण चारही कोपरे स्क्रूनं भिंतीला आवळलेले.

"अगं, उलटं लावलंय हे!"

"असू दे. छान दिसतंय," केतकी म्हणाली.

चडफडत तो पलंगावर उताणा पडला आणि पायथ्याकडून डोकं खाली सोडून चित्र सरळ बघू लागला.

"बाबा, व्हॉट आर यू डुइंग?" पोरीनं विचारलं.

तो उठला, पुन्हा उभ्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खलास," तो म्हणाला. "उलटंच बरंय."