सही माझ्यासमोर झाली

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडाची मूठ आणि तळाला रबराच्या चार ओळी, एवढाच माझा देह. उलटी अक्षरं बघून हसू नका, कागदावर उमटलो की सगळं सुलटं होतं.

माझा जन्म नाशिकचा, कोर्टासमोरच्या एका चिंचोळ्या दुकानातला. ज्ञानदाबाईंना तेव्हा नुकतीच सनद मिळाली होती. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. त्यांनी मला हौसेनं करवून घेतलं. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, दुसरीत सनद क्रमांक, तिसरीत नाशिक आणि चौथीत तीन शब्द : सही माझ्यासमोर झाली. या चौथ्या ओळीचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

बाईंचा नियम कडक होता. माणूस समोर बसणार, कागद मोठ्यानं वाचणार, त्यांच्या डोळ्यांदेखत सही करणार आणि मगच त्या मला हात लावणार. पक्षकार वैतागायचे. "अहो वकीलबाई, सही आमचीच आहे, एवढं काय त्यात!" म्हणायचे. बाई हसून म्हणायच्या, "तुमचीच आहे ना, मग करून दाखवा."

पुढे बाईंचे यजमान अभिजितराव यांना कतारमध्ये मेट्रोच्या कामावर नोकरी लागली. तिथे वर्ल्ड कप व्हायचा होता, सगळं दोहा खणून काढलं होतं. "वर्ल्ड कपची कामं संपली की परत येऊ, तू परत कोर्टात उभी राहशील," असं अभिजितराव म्हणाले. त्या भरवशावर बाई निघाल्या आणि मीही निघालो, बॅगेत लोणच्याची बरणी आणि गोड्या मसाल्याचा डबा यांच्या मधोमध.

ओल्ड एअरपोर्ट भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधले ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. शुक्रवारी सकाळी मराठी मंडळी गावाकडे पाठवायचे कागद घेऊन यायची. कुणाचं सोसायटीचं पत्र, कुणाचा मुलाच्या शाळेचा अर्ज. आधी पोहे, मग चहा, मग सही आणि शेवटी मी. धप्प! बाईंची मुलगी गार्गी प्रत्येक वेळी टाळी वाजवायची. समोर उंचच उंच क्रेन दिसायच्या, खाली शाळेच्या बस गर्दी करायच्या, आणि मी स्वतःला त्या फ्लॅटचा मालकच समजायचो.

आणि मग तो जून महिन्यातला दुपारचा प्रसंग घडला. देवव्रत आला. तो दोह्यातच अल दुहैल भागात राहायचा, बाईंच्या नाशिकच्या शेजारीण सुनीतीकाकू, त्यांचा हा मुलगा. काकू तेव्हा त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. त्याच्या हातात एक संमतीपत्र होतं. नाशिकच्या सोसायटीत काकूंचा फ्लॅट देवव्रतच्या नावावर करायला काकूंची संमती आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली काकूंची सही आधीच होती.

"वहिनी, आई खाली गाडीत बसलीय. एवढ्या उन्हात तिचे गुडघे कुठे चढवू? त्यात पार्किंग नाही, मी डबल लावलीय. यल्ला, चला लवकर, दोन मिनिटांचं काम आहे."

बाई बाल्कनीत गेल्या. खाली गाडीची काच उतरली आणि काकूंनी हसून हात हलवला. गार्गीनंही वरून हात हलवला. बाई आत आल्या, त्यांनी सही केली आणि मला उचललं. मी थांबवणार तरी कसा? मला तोंड आहे ते फक्त छापायला. धप्प! पण त्या दिवशी टाळी वाजली नाही, गार्गी अजून बाल्कनीतच होती.

दिवाळीला काकू नाशिकला गेल्या. स्वतःच्या दाराला किल्ली लागेना. दारावर दुसरीच पाटी होती. देवव्रतनं फ्लॅट नावावर करून भाड्यानं दिला होता. काकूंना त्या कागदाचा पत्ताच नव्हता आणि ती सहीही त्यांची नव्हती. बहिणीच्या घरी एका खोलीत राहून त्यांनी वकिलांच्या बार कौन्सिलकडे बाईंविरुद्ध तक्रार केली. शिस्तपालन समितीची नोटीस दोह्यात आली तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सनद गेली तर कोर्टही गेलं.

अभिजितराव माणूस वाईट नाही, पण घाबरला की काहीही बोलतो. "काकू वर आल्या होत्या, असं सांग. पंचाहत्तरी उलटलीय त्यांची. विसरल्या असतील, असंच समिती धरेल. खलास, विषय संपला."

गृहपाठ करणारी गार्गी मान वर करून म्हणाली, "बट बाबा, आजी नेव्हर केम अप. शी वॉज इन द कार."

मग बाई म्हणाल्या, "घर तर गेलंच त्यांचं. आता वेडीही ठरवू?" मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि तेवढीच भीतीही.

मुंबईला सुनावणी झाली. समितीचे तीन सदस्य, भिंतीपाशी बाकावर सुनीतीकाकू आणि टेबलावर मी, पुरावा म्हणून. लाकडाला घाम फुटत नाही म्हणून वाचलो. अध्यक्षांनी विचारलं, "इथे छापलंय, सही माझ्यासमोर झाली. झाली होती का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "काकू वर आल्याच नाहीत. त्यांनी खालून हात हलवला आणि मी तेवढ्यावर भागवलं. चूक माझी आहे."

दोन वर्षांसाठी सनद निलंबित झाली. बाईंच्या त्याच जबाबावर सोसायटीनं काकूंचं नाव परत लावलं, आणि काकू आपल्या घरी गेल्या. सुनावणीहून बाहेर पडताना त्या बाईंशी फार बोलल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "बोलावलं असतंस तर आले असते गं वर. गुडघे इतके वाईट नव्हते." बाई जिन्यातच रडल्या.

दोह्यात परतल्यावर मी खणात गेलो. सोबतीला सुकलेली पेनं आणि पासपोर्टचे जुने फोटो. शाई नाही की धप्प नाही, माझ्या रबराला तडे जाऊ लागले. बाहेर स्टेडियम उभी राहिली, मेट्रो धावू लागली. शुक्रवारी कुणी कागद घेऊन आलं की बाई दारातच सांगायच्या, "माझी सनद निलंबित आहे, मला सही करता येणार नाही." प्रत्येक वेळी सांगायच्या. मला ते ऐकवत नसे.

मग एके दिवशी फोन वाजला. सुनीतीकाकू होत्या.

"ज्ञानदा, मला मृत्युपत्र करायचंय."

"काकू, अजून पाच महिने मी वकील नाही."

"मला ठाऊक नसेल तर कुणाला? तक्रार मीच केली ना! मला दुसरा वकील नको. माझ्यावर ढकलून तू सुटली असतीस, नाही सुटलीस. पाच महिने मी काही मरत नाही. तू ये, समोर बस, मी वाचते आणि सही करते."

बाईंनी फोन ठेवला, बराच वेळ डोळे पुसले, मग खण उघडून मला ओल्या फडक्यानं हलकेच पुसलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा शिक्का असेल. त्याला कोरडा पडू देऊ नका, पण उगाच उठवूही नका. ज्याचं घर कागदावर लिहिलंय, त्याला जिने चढून वर बोलवा, पाणी द्या, त्याला वाचू द्या. आमच्यासारख्यांना नाही म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.

पाचांपैकी दोन महिने सरले. काकू ठणठणीत आहेत, दर रविवारी फोन करून तसं कळवतात.