लिटरला सोळा

टक्.

चष्म्याच्या डबीचं झाकण उघडलं. दुपारचे अडीच. सृष्टी आत्ता कुठे झोपलीय, सासूबाई चटईवर कलंडल्यात, आणि घर इतकं गप्प की तेवढा आवाज बाहेरच्या सोप्यातून थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. त्यामागोमाग सासऱ्यांची हाक.

"प्रिया, रिपोर्ट?"

"मामा, अर्धा तास द्या. जरा लिहितेय."

"लिही, लिही. बातम्या काय दूध न्हाई नासायला."

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, सासूबाईंना आत्या. कोरेगावात सगळे त्यांना आप्पासो म्हणतात, आणि त्यांचा मुलगा अन् नात सृष्टी आबा. पल्टनीत अठरा वर्षं त्यांनी ट्रक चालवले, जिपा चालवल्या. पेन्शनवर येऊन उसाला पाणी पाजायला लागले, पण जीव गाड्यांतच राहिला. रोज दुपारी डबीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचा, मोबाइल माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "बारीक अक्षरानं डोळ्यातनं पाणी येतं. वाच तू." मी वाचते. पेट्रोलचा दर, कुठली गाडी नवी आली, कुठली बंद पडली. प्रत्येक बातमीवर त्यांचं मत तयार असतं.

"पेट्रोल पाच पैशांनी उतरलं, मामा."

"पाच पैसं? त्यात डासाची तरी तहान भागंल का?"

"छताला काचेची खिडकी असलेली गाडी आलीय. लाखभर जास्त."

"छपराला भोक पाडाय लाख रुपय? आपल्या जुन्या घराला पाच भोकं हुती, फुकाट."

बॅटरीच्या गाड्यांवर त्यांचा राग नाही, पण भरवसाही नाही. "चालू हाय का बंद, ते खाली उतरून इचारायचं व्हय?" लहान गाड्यांवरचा कर कमी झाला त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले. घ्यायची होती कुणाला! "घेणाऱ्यांची सोय झाली की," म्हणाले.

आमच्या दारात उभी आहे ती दोन हजार सहा सालची पांढरी लहान गाडी. तिचा पेट्रोलचा काटा सहा वर्षांपूर्वी अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. मामांनी दुरुस्त केला नाही. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा आणि हिशोब डोक्यात ठेवायचा. टाकी अठ्ठावीस लिटरची, गाडी लिटरला सोळा देते, म्हणजे चारशे अठ्ठेचाळीस. "काटा चुकंल, सोळा चुकायचं न्हाई."

माझे मालक, ऋषिराज, फौजेत आहेत. फोनवर दर वेळी तेच. "आबा, विका ती. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडणार, रबरी पाइप खराब होणार." मामा फोन आत्यांकडे देऊन उठून जायचे. शेजारचे नाथाजी काका तर कट्ट्यावर सगळ्यांसमोर डिवचायचे. "आप्पासो, आमचाच ऊस पेतिया तुमची गाडी. झिंगून चाललीया, ॲव्हरेज कुठनं देईल?"

"नाथा, तुझी जीप झिंगती. माझी माळकरी हाय."

हे सगळं मी हसत ऐकते. आता हसते. सृष्टी झाली त्या वर्षी हसत नव्हते. शिराळ्याहून माहेरचं बाळंतपण आटोपून आले आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं बोलणंच आटलं. दूध पाजायचं, दुपटी धुवायची, खिडकीकडे बघत बसायचं. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. आत्यांनी दृष्ट काढली, आईनं फोनवर रडून घेतलं. मामांनी मात्र एका दुपारी मोबाइल पुढे केला. "आजचा दर तेवढा बघ गं पोरी, मला दिसंना झालंय." मी आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी आकडा आणि एक बातमी. महिन्याभरात मी त्यांच्याशी भांडायला लागले, की डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा महाग का. त्याला आता पाच वर्षं झाली.

आणि या फेब्रुवारीत मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणिताच्या शिक्षिकेसाठी अर्ज केला. बी.एड.चं सर्टिफिकेट सात वर्षं पेटीत पडून होतं. तिशी उलटली, हातात अनुभव नाही. बोलावणं येणार नाही असंच धरून चालले होते. आलं. मार्चमध्ये मुलाखत आणि त्यानंतर वर्गावर एक तास घ्यायचा. हे गेलं तर पुन्हा पेटी उघडायची नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. मामांना तेवढं सांगितलं होतं.

"मी सोडतो," मामा म्हणाले. "यष्टीचा काय भरवसा."

सृष्टीला आत्यांपाशी ठेवून आम्ही आठला निघालो. सातारा मागे टाकलं, वाईत मामांनी चहा पाजला. बाहेर पडताना पंप लागला. मी म्हणाले, "मामा, भरून घ्यायचं का?"

"लय हाय अजून. येताना भरू."

पसरणीच्या घाटात अर्ध्यावर, एका वळणाच्या पुढे, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. मामांनी ती कडेला घेतली. किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसले.

"काय झालं?"

"काय न्हाई," म्हणाले, आणि खाली उतरले.

तेवढ्यात सीटवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. नाथाजी काका. मी उचलला आणि स्पीकरवर टाकून बाहेर धरला.

"आप्पासो, किती झालं रं? चारशेच्या फुडं गेली का गाडी?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. "चारशे नऊ."

"मग? अजून पळतीया?"

खोटं बोलता आलं असतं. घाटात बघायला कोण होतं? "न्हाई," मामा म्हणाले. "संपलं पेट्रोल. तू जिकलास, नाथा."

मग मामांनी सांगितलं तेव्हा उलगडलं. कट्ट्यावर पैज लागली होती. टाकी काठोकाठ भरायची आणि चारशे अठ्ठेचाळीस निघतात का ते बघायचं. हरेल त्यानं महिनाभर कट्ट्यावर गाडीबद्दल तोंड उघडायचं नाही. घरातून निघताना आकडा तीनशे एकोणपन्नास होता. पाचगणी करून परतताना वाईच्या पुढं चारशे अठ्ठेचाळीस होतील, मग भरू, असा त्यांचा हिशोब. सोळा चुकायचं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "माझ्या मुलाखतीच्या दिवशी? माझ्या मुलाखतीवर पैज लावलीत तुम्ही?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्यांना बोडक्या डोक्यानं उन्हात उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. "गाडीवर लावली हुती, पोरी. पर चुकलं. लय चुकलं माझं."

मी फाइल उघडली. साडेअकरा की अकरा, तेच आठवेना. मुलाखतीचा कागद नुसताच उलटसुलट करत राहिले. मामांनी तो माझ्या हातातून घेतला.

"साडेआकरा. आन् खाली बारकं लिवलंय, पंधरा मिन्टं अदुगर हजर ऱ्हायचं. खोली नंबर चार. सव्वा धा झाल्यात. हाय टाइम."

आणि ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

पर्यटकांच्या गाड्या चढत होत्या. एक थांबेल तर शपथ. पण मामा ते मामाच. हात करता करता प्रत्येक गाडीची कुंडली मांडत होते. "ही बघ, नवी कोरी. सहा एअरबॅगा हैत, माणुसकीची एक बी न्हाई." मला इतका राग आला होता, तरी हसू फुटलं. फुटलं म्हणजे डोळ्यांतून पाणीच आलं.

शेवटी थांबला तो स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट घेऊन वर निघालेला पिकअप. चालवणारा ज्योतिबा नावाचा पंचविशीतला मुलगा. त्यानं मान बाहेर काढून आधी गाडी बघितली, मग मामांना.

"काय आबा, म्हातारी दमली व्हय?"

"म्हातारीला कशाला नाव ठेवतूस, चूक म्हाताऱ्याची हाय. ह्या पोरीला साळंत सोड. मास्तरीण हुनार हाय."

"बसा, बाई. सीटवर क्रेट हाय, मांडीवर घ्या."

मी मांडीवर क्रेट घेऊन पाचगणीला पोचले. साडीला स्ट्रॉबेरीचा लाल डाग, केसांत गवताची काडी. ज्योतिबानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "पास झालासा तर माझ्या पोराला तुमच्या हाताखाली घ्या." पोरगा किती वर्षांचा, विचारलं. म्हणाला, अजून लग्नच व्हायचंय.

मुलाखत कशी झाली ते मला नीट आठवत नाही. वर्ग आठवतो. सहावीची पंचवीस मुलं. मी अपूर्णांकांचे तक्ते करून नेले होते, रात्री जागून रंगवलेले. ते राहिले मामांच्या गाडीत, मागच्या सीटवर. फळ्यासमोर उभी राहिले, हात रिकामे, आणि समोर पन्नास डोळे. क्षणभर तेच जुनं झालं. बोलणं आटलं.

मग मी फळ्यावर आकडा लिहिला, अठ्ठावीस. आणि म्हणाले, "आज सकाळी माझ्या सासऱ्यांची गाडी घाटात बंद पडली. ते म्हणतात, गाडी लिटरला सोळा देते. ती चारशे नऊवर थांबली. तर सांगा, चूक कुणाची? गाडीची, पेट्रोलची, का सासऱ्यांची?"

पुढची चाळीस मिनिटं मला वर्ग आवरला नाही. भागाकार झाला, चौदा पूर्णांक सहा आलं. मग किती टक्के घटलं, ते झालं. इथेनॉल म्हणजे काय, विचारलं. मी सांगितलं, आमच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो तिथून ते कसं निघतं आणि पेट्रोलपेक्षा त्याची ताकद कमी का. सगळं दुपारी वाचलेलं. मामांशी भांडताना घोटलेलं. एक मुलगा म्हणाला, घाटात जास्त लागतं, तेपण धरा. मग शेवटच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "मिस, पण त्यांनी वाईला का नाही भरलं?"

सगळा वर्ग हसला. मागे बसलेल्या मुख्याध्यापिकासुद्धा.

दुपारी दोनला फाटकाबाहेर आले तर पांढरी गाडी उभी. पैज जिंकलेल्या नाथाजी काकांनीच वाईतल्या मेव्हण्याला फोन करून कॅन पाठवला होता. मामा बॉनेटला टेकून उभे. मला बघून सरळ झाले, एखाद्या साहेबासमोर व्हावं तसे.

"झालं?"

"झालं."

"बोललीस?"

एवढंच विचारलं त्यांनी. पास झालीस का, असं नाही.

वाईच्या पंपावर ते पेट्रोल भरायला उतरले, तेव्हा तो कागद पुन्हा फाइलमध्ये घालताना माझं लक्ष गेलं. खालची ओळ खरंच बारीक होती. मुंगीएवढी. मीच डोळ्यांजवळ धरली तेव्हा दिसली. आणि चष्मा? डबी तर सकाळी सोप्यातल्या फडताळात बघितली होती. घाटात त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हताच.

मी त्यांना काही विचारलं नाही. पाच वर्षांत तेही मला कुठे काही विचारत होते! खिडकीतून बघत बसले. ते पंपावरच्या पोराला सांगत होते, "काठोकाठ भर गड्या. आन् आता लिटरला चौदा धरायची, बरं का." उसाच्या ट्रॉल्या पुढे-मागे होत्या, त्यांच्यामागून आम्ही हळूहळू घरी आलो. मधेच म्हणाले, "ऋषीला सांगू नको." मग थोड्या वेळानं, "न्हाई, सांग. खरं ते खरं."

महिनाभर मामा कट्ट्यावर गप्प बसले. शब्दाला पक्के. नाथाजी काकाच शेवटी वैतागून घरी आले, आत्यांना म्हणाले, "वयनी, ह्येला सांगा, पैज मोडली म्हणून. कट्ट्यावर करमंना झालंय. पेट्रोलला शिव्या कुणी द्यायच्या?"

"महिना हुईस्तवर न्हाई," आतून आवाज आला.

पत्र गेल्या सोमवारी आलं. जूनपासून. शाळेच्या आवारात दोन खोल्या देणार आहेत आणि सृष्टीला पहिलीत घेणार आहेत. शनिवारी दुपारी सुट्टी. आत्यांनी पत्र देवापाशी ठेवलं. मामांनी शनिवारचं जाणं-येणं किती किलोमीटर होतंय ते काढून ठेवलंय, चौदाच्या हिशोबानं. गाडी विकायची गोष्ट ऋषिराजनंही पुन्हा काढलेली नाही. रविवारी आम्ही गाडीचे जुने रबरी पाइप बदलून आणले. मिस्त्रीनं काढलेला कडक झालेला तुकडा मामांनी टाकू दिला नाही. खिडकीत ठेवलाय. "पोरांना दाखवाय ने. वर्गात," म्हणाले.

मला कुणाकुणाचे आभार मानायचे होते म्हणून ही वही काढली. ज्योतिबाचे, त्या चष्मेवालीचे, नाथाजी काकांचे. आणि खरं म्हणजे एकट्या मामांचेच, पण ते तोंडावर म्हणायला गेले तर म्हणतील, "मला काय कळतंय, वाच पुढं."

अर्धा तास झाला. सृष्टी उठून, केस विस्कटलेले, गाल चटईच्या वळांनी भरलेले, सोप्यात आबांच्या मांडीवर जाऊन बसलीय. मी मोबाइल घेऊन गेले. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. "हं. बोल."

मी पेट्रोलचा दर वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात सृष्टीनं त्यांच्या हातातली डबी घेतली. उघडली, मिटली. टक्. टक्. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"आई, आपण तिकडं गेल्यावर आबांना कोण वाचून दाखवणार गं?"