निवेदनाखालचा नंबर

मला बोलण्याचा पगार मिळतो. खरं म्हणजे न बोलण्याचा, पण नेमणूकपत्रात तसं लिहीत नाहीत. एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या कचेरीत मी जनसंपर्क अधिकारी आहे. कुठे दवाखाना उघडला, कुठे औषधं पोचली, कुठे आमचीच माती झाली, सगळ्याचं निवेदन मी लिहिते. घरी माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. कचेरीत मात्र सतरा वर्षांत माझ्या तोंडून एक आगाऊ शब्द निघालेला नाही.

आमच्या ड्रायव्हरला सगळे वकील म्हणायचे, कारण हार मानणं त्याच्या रक्तातच नव्हतं. उशीर झाला म्हणून मी ओरडले तर म्हणायचा, "मॅडम, मी उशिरा नाही आलो, तुम्ही लवकर आलात." वर गाडीचं दार उघडून धरायचा, म्हणजे पुढे भांडायची सोय नाही. आठ वर्षं तो आमची गाडी चालवत होता. अंगात आमचा शर्ट, मागच्या सीटवर आमची माणसं. त्याचं नाव मात्र ड्रायव्हर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या यादीत होतं. हे मला माहीत होतं. त्याने काही बिघडत असेल असं कधी डोक्यात आलं नाही, इतकंच.

एका दूरच्या दवाखान्यातून परतताना बंदूकवाल्यांनी आमची गाडी अडवली. गाडीत आमचा परदेशी डॉक्टर होता. त्यांनी डॉक्टरला आणि वकिलाला, दोघांनाही उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाची बायको माझ्यासमोर उभी. ती घरी कपडे शिवते; घाईत निघाली असावी, गळ्यात मापाची टेप तशीच होती. म्हणाली, "ताई, मी पत्रकारांकडे जाते. सांगते त्यांना, माझा नवरा साधा ड्रायव्हर आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोडा म्हणावं त्याला."

"वहिनी, असलं काही करू नका," मी म्हटलं. "गाजावाजा झाला की त्यांना वाटेल मोठा मासा गळाला लागलाय. बोलणी चालू आहेत. तुम्ही एक शब्दही बोलू नका. माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुम्ही म्हणताय म्हणून गप्प बसते," ती म्हणाली, आणि खरंच बसली. रोज सकाळी यायची, माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीवर टेकायची, "काही कळलं?" विचारायची. मी नाही म्हटलं की पाणी पिऊन निघून जायची.

अकराव्या दिवशी दुपारी संचालकांनी मला आत बोलावून दार लावलं. डॉक्टर सुटला होता. मुख्यालयाला अर्ध्या तासात निवेदन हवं होतं, कारण दुसऱ्या दिवशी देणगीदार देशांची बैठक होती.

"आणि वकील?" मी विचारलं.

"त्याचं वेगळं चाललंय. ठेकेदार बघतोय."

"ठेकेदार? अहो, त्याला चार फोन केल्याशिवाय बदली ड्रायव्हर पाठवता येत नाही, तो माणूस सोडवून आणणार?"

संचालक चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, मेलं तेच तर दुखणं आहे. "हे बघा," ते म्हणाले, "तो आपला आहे म्हटलं की ते अडून बसणार. आपला नाही म्हटलं की कंटाळून सोडून देतील. त्याच्या भल्याचंच आहे."

मला ते पटलं नाही. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? मी ते स्वतःला पटवून घेतलं आणि जागेवर येऊन वाक्य टाइप केलं : 'आमच्या संस्थेचा एकही कर्मचारी आता ओलीस नाही.' कागदोपत्री त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खाली नेहमीसारखंच, अधिक माहितीसाठी संपर्क, आणि माझा नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पत्रकारांचे फोन सुरू झाले. डॉक्टरची तब्येत कशी आहे, खंडणी दिली का, पुढे काय. मी ठरलेली उत्तरं देत होते. मग एक शांत आवाज आला. त्याने माझं वाक्य मला वाचून दाखवलं, कुठेही न अडखळता.

"मग आमच्याकडे आहे तो कोण?" त्याने विचारलं. "अंगात शर्ट तर तुमचाच आहे."

मागे कुणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण कुणाशी तरी हुज्जत चालली होती, आणि तो आवाज मी आठ वर्षं ऐकला होता. जिवंत होता.

"एकच सांगा," तो माणूस म्हणाला. "हा तुमचा माणूस आहे का?"

असा फोन आला तर तो बोलणी करणाऱ्यांकडे द्यायचा, हा नियम. ते लोक आदल्या दिवशीच डॉक्टरसोबत विमानाने गेले होते. संचालक बैठकीत. खोलीत मी एकटी. 'हो' म्हणायला असा किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं आणि त्यातून सतरा वर्षांची सवय बाहेर पडली.

"या विषयावर सध्या भाष्य करता येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. दुकानात वस्तू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक म्हणतं तसं. फोन ठेवला. मी तोच नंबर वीस वेळा तरी लावला. बंद.

बैठक संपल्यावर संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "योग्य तेच बोललात." कुणाच्या तरी थोबाडीत द्यावी असं वाटलं. त्यांच्या की माझ्या, ते ठरेना.

दोन दिवसांनी वकील रस्त्याच्या कडेला सापडला, आमच्या शर्टात.

संचालक म्हणाले, "शोकसंदेश लिहा. 'आमचे ज्येष्ठ सहकारी' असं घाला. मुख्यालयाने मंजूर केलंय."

"परवापर्यंत तो ठेकेदाराचा होता ना?"

"आता तसं म्हटलं तर बरं दिसणार नाही."

"मग तुम्हीच लिहा," मी म्हटलं आणि पर्स उचलून निघाले. असली हिंमत आता काय चाटायची होती?

वकिलाचं घर दोन खोल्यांचं. शिवणाच्या मशीनवर अर्धी बाही तशीच पडलेली. दारात तिचा दीर उभा होता, आत बायका. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. ते निवेदन मी लिहिलं. त्यांचा फोन मला आला. तेव्हा तुमचा माणूस जिवंत होता, मागून त्याचा आवाज येत होता. तो आमचा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

तिने मान वर केली. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

मी ते वाक्य तिला सांगितलं. जसंच्या तसं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला ते खरंच समजलं नव्हतं.

"ताई, मी चौथी शिकलेली बाई. मला नीट सांगा," ती म्हणाली. "हो म्हणालात, का नाही म्हणालात?"

"नाही म्हणाले, वहिनी."

दीर दारातून बाजूला झाला, मला बाहेर जाता यावं म्हणून.