वास्तूला तेलगू येत नाही

आमच्या यांना शिवीशिवाय बोलता येत नसे. रेल्वेत पॉइंट्समन होते. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवायचा, आणि वाक्याच्या शेंड्याला एक शिवी लावायची, ही रीत. मी लग्न होऊन पूर्णेला आले ती आईचे नेम पदरात बांधून. सकाळी तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन. आणि दिवेलागणीला घरात वाईट शब्द नाही, कारण त्या वेळी वास्तू तथास्तु म्हणत घरभर फिरत असते.

एका संध्याकाळी स्टोव्ह पेटेना, तर हे म्हणाले, "ह्याचा मुडदा बशिवला!"

मी हळूच म्हटलं, "असं बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणते."

"मंग आमी बोलावं तरी काय?" म्हणून फुरंगटून बसले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले ते तोडगा घेऊनच. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सिकंदराबादकडं काढली होती. म्हणाले, "आता तेलगूत देतो. आपली वास्तू पूर्णेची हाय, तिला कुठं तेलगू येतंय? तथास्तु म्हणायला आधी कळाया तर पायजे!"

पदर तोंडाला लावून मी हसले. तेव्हापासून एक तेलगू शब्द आमच्या घरात राहायला आला. दूध उतू गेलं की तो. दारात बोट चेमटलं की तो. भाजी झकास झाली तर माझ्याकडं बघून, लांबवून, तोच. शिवी आहे हे मला माहीत होतं. अर्थ मात्र मी कधी विचारला नाही. कळला असता तर माझा नेम मोडला असता. न कळता तो नुसता आवाज होता, यांचा आवाज.

तो शब्द मी इथं लिहीत नाही.

हे जाऊन आता दुसरं वर्ष. विवेक पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, "आई, औषध घेतलंस का," विचारतो. घरात बोलायला कुणी नाही. सकाळचं मौन कधी सुटतं तेच समजत नाही. तुळशीला पाणी घातलं तरी पुढं बोलायचं कुणाशी? मग कधी काडी ओली निघाली की मीच यांच्यासारखा तो शब्द म्हणायला लागले. घर जरा भरल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात शेजारच्या खोलीत स्रवंती आली. वरंगलकडची, नवीन लग्न झालेली. नवरा रेल्वेतच, रुळांवर काम. पोरगी गोड. मराठी शिकायची भारी हौस, आणि शिकायची कुणाकडून, तर भाजीवाल्या सुलाबाईकडून. सुलाबाईचं तोंड म्हणजे सारं पूर्णा गाव ओळखतं. एकदा दिवे लावायच्या वेळी स्रवंती ओट्यावर उभी राहून नवऱ्याशी फोनवर हसत बोलत होती, "अरे मेल्या, कधी येतो? जेवण थंडा होतंय!"

नवरा रुळांवर, आणि ही दिवेलागणीला असं बोलते! "असं म्हणू नये बाई," म्हटलं.

"का आज्जी? सुलाबाई सगळ्यालाच बोलते. मेल्या, टमाटे घे. मेल्या, सुट्टे दे."

अर्थ सांगावा असं मनात आलं, पण तिचं हसणं बघून जीभ रेटली नाही.

ती रोज येऊ लागली. माझ्या देवापुढं बसायची, वाती वळायची. संध्याकाळची वाट बघावी असं मला किती दिवसांनी काहीतरी झालं. एकदा चिंचेचा पिवळा भात वाटीभर घेऊन आली. "आज्जी, चाखा!" मी घास घेतला. इतका छान झाला होता की माझ्या तोंडून आपोआप, यांच्यासारखाच लांबवून, तो शब्द निघाला. तिच्याकडं बघून. तिच्या हनुवटीला हात लावून.

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. मला वाटलं, आपल्या भाषेतला शब्द ऐकून पोर हरखेल. तिनं माझा हात हळूच बाजूला केला, वाटी तशीच ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही. नळावर समोर आली तर खाली बघायची. मी वाटी घासून, रिकामी कशी द्यायची म्हणून तीत साखर घालून तिच्या दाराशी गेले, कडी वाजवली. आत भांडी वाजत होती. दार उघडलं नाही.

मग मी भगवानरावांकडं गेले. यांचे जुने सोबती, सिकंदराबादला एकाच खोलीत राहिलेले. दाराशी बसून मोहरी पाखडत होते. मी तो शब्द सांगितला आणि अर्थ विचारला. सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"वैनी! हे कुठं ऐकलं तुमी?"

"यांच्या तोंडून. जन्मभर."

ते खो खो हसले. "मला तर रोज द्यायचा बापू. त्याबिगर हाकच मारत नसे भाड्या!" मग माझ्या चेहऱ्याकडं बघून हसू आवरलं. "तुमी कुणाला म्हणलात का?"

"शेजारच्या सूनबाईला."

"आरारा." सूप खाली ठेवलं. "आमा गड्यात ते कायबी न्हाई, वैनी. पण बाईमाणसाला, तिच्या मायबोलीत… तिच्या आईवर जातंय ते. आता पुढं नका विचारू."

पुढं विचारायची गरज राहिली नव्हती. येताना रस्ताभर पदरानं ओठ पुसत आले.

आषाढ लागला. त्यांच्याकडं नव्या सुनेला आषाढात माहेरी पाठवतात. सकाळी मी देवासाठी फुलं तोडत होते, आणि शेजारचं दार वाजलं. नवरा बॅग घेऊन पुढं, ती मागं. गाडीची वेळ झालेली. माझं मौन चालू. तुळशीला पाणी अजून जायचं होतं. ती फाटकापर्यंत पोचली.

"स्रवंती!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. इतक्या वर्षांत सकाळी तो कधी फुटला नव्हता. तीही दचकली, तिला माझा नेम माहीत होता.

"आज्जी, पूजा नाही झाली ना?"

"नाही झाली. बाई, मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. हे म्हणायचे. स्टोव्हला, दुधाला, मला. आमच्या घरात त्याचा अर्थ आपलं माणूस, एवढाच होता." आणि वास्तूचं, तेलगूचं सगळं सांगून टाकलं, फुलं हातात चुरगळत.

ती ऐकत राहिली. मग फिस्सकन हसली, डोळे पुसले. "आजोबा चालाक होते." फाटकाला हात लावून म्हणाली, "आज्जी, मग मेल्या म्हणजे काय?"

आता लपवणं बरं नव्हतं. "मेलेला," मी म्हटलं.

तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. पुढं नवरा बॅग खांद्यावर टाकून उभा होता, हाक मारत होता. ती धावत गेली आणि त्याची बाही घट्ट धरून चालू लागली. वळणावर मागं बघून तिनं हात हलवला.

तुळशीला पाणी घातलं. दिवसभर कुणी आलं नाही.

संध्याकाळी समई लावताना काडी पेटेना. पावसाळी हवेनं सादळली होती. सवयीनं तो शब्द ओठावर आला आणि मी तो गिळला. आता अर्थ कळला होता. पाठीमागं घर इतकं गप्प झालं, की यांना पोचवून आलो त्या संध्याकाळीही एवढं गप्प नव्हतं.

दुसरी काडी ओढली. वात पेटली. मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "स्रवंती श्रावणात परत येऊ दे."

मराठीतच म्हटलं. वास्तूला समजावं म्हणून.