काचपट्टीच्या कडेला

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कंधारच्या एका छोट्या रक्त तपासणी केंद्रात, खिडकीजवळ माझी जागा आहे. मित्रांनो, माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यात झाला. काळे अंग, पितळी चक्रे आणि फिरणारी तीन भिंगे. वीस वर्षे मी रोज माणसांचे रक्त पाहिले.

मग पेशी मोजणारे यंत्र आले. ते मिनिटभरात आकडे छापते. माझ्यावर प्लास्टिकचे आवरण चढले आणि शेजारी चहाचे कप ठेवले जाऊ लागले.

गेल्या भाद्रपदात सात वर्षांची समीक्षा वडिलांच्या खांद्यावर आली. दोन दिवसांचा ताप, ओठ पांढुरके. त्यांच्या गावात डेंग्यूची साथ होती. यंत्राने प्लेटलेटचा, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींचा, आकडा छापला, अठ्ठावीस हजार. निदान दीड लाख तरी हव्या असतात. वडील आनंदराज यांनी नांदेडला न्यायला जीप बोलावली. तिथे प्लेटलेट चढवाव्या लागतील, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते.

तपासणी करणाऱ्या तनुजाताईंना मुलीच्या बोटांवर पांढरी भुकटी दिसली. त्यांनी विचारले तेव्हा वडीलच बोलले, "पाटीवरची लेखणी खायलीय. भिंतीची माती बी खाती. मारलं तरी सोडंना झालीय."

ताईंनी तिचे हातपाय नीट पाहिले. प्लेटलेट इतक्या कमी असताना दिसू शकणारा रक्तस्रावाचा एकही ठिपका नव्हता. मग त्यांनी माझे आवरण काढले. काचपट्टीवर थेंब पसरला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला.

तांबड्या पेशी लहान आणि फिकट होत्या, मधे जवळजवळ रिकाम्या. काचपट्टीच्या कडेला मात्र प्लेटलेटचे घोळके होते. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या औषधामुळे क्वचित त्या एकमेकींना चिकटतात, आणि यंत्राला घोळके मोजता येत नाहीत.

ताईंनी दुसऱ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घेतले. समीक्षाने हळूच विचारले, "माती दिसायलीय का त्याच्यात?"

"माती न्हाई गं. तुझ्या रक्तात लोह कमी हाय. म्हणून खावंसं वाटतंय तुला."

यंत्राने आता दोन लाख नव्वद हजार छापले. केंद्राच्या डॉक्टरांनी काचपट्टी स्वतः पाहिली. तापावर लक्ष ठेवायला आणि दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. लोहाची वेगळी तपासणी, जंताचे औषध आणि काही महिने लोहाचे सिरप ठरले. जीप नांदेडऐवजी गावाकडे जाणार होती.

आनंदराज बाकावर बसून राहिले. "लई मारलं म्या हिला, ताई," ते म्हणाले. मग रुमाल ओला करून त्यांनी तिचे एकेक बोट पुसले.

मित्रांनो, माझी भिंगे अधूनमधून पुसा, एवढेच मी स्वतःसाठी मागतो. पण तुमच्या वर्गात एखादी मुलगी गुपचूप लेखणी खात असेल, तर तिला हसू नका, तिची चहाडी करू नका. तिचा हात धरा आणि तिला बाईंकडे घेऊन जा.