उभ्याचं माप

"मास्तर, माप चुकलंय तुमचं," टायरवाला म्हणाला.

चाळीस वर्षांत असं त्यांना तोंडावर कुणी ऐकवलं नव्हतं. माणूस दुकानाची पायरी चढत असतानाच त्याच्या कमरेचं माप सांगणारे मास्तर आज गळ्यात टेप अडकवून गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. टेपची उलटी बाजू, सेंटिमीटरची, त्यांनी आज पहिल्यांदाच कामाला लावली होती. खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. गेले आठ महिने त्यांना काहीच येत नव्हतं. राग नाही, रडू नाही. भूकसुद्धा घड्याळात बघून लागायची.

गाडी मुलाची होती. बुटकी, काळी, चालू केली की शेजाऱ्यांची झोप उडवणारी. चार वर्षं पै-पै साठवून त्याने ती जुनी घेतली, जेमतेम दोन वर्षं मिरवली आणि पाच दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. तेव्हापासून मास्तर रोज तिच्यातूनच दुकानात जात. अस्तरं, बटणं आणायलाही तीच. साठी ओलांडलेला शिंपी शर्यतीच्या गाडीतून गुडघे धरून उतरताना बघून गल्ली आधी खो-खो हसली. मग कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं, आणि गल्ली हसायची थांबली.

गेल्या आठवड्यात पावसात चौकातून वळताना गाडीचा मागचा भाग घसरला. गाडी गर्रकन फिरली आणि आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. लागलं कुणालाच नाही. शेजारी बसलेली बायको दार उघडून उतरली आणि पिशवी घेऊन घरापर्यंत चालत गेली. संध्याकाळी तिने एवढंच सांगितलं, "पोर गेलं. आता तुम्हालाही घालवू का? टायर बदला, नाहीतर गाडी विकून टाका. तोवर मी तिच्यात पाय ठेवायची नाही."

म्हणून ते इथे आले होते. खिशात मुलाच्या हातची चिठ्ठी होती, गाडीच्या खणात सापडलेली. 'मागे ३०५', खाली दोन रेघा. त्याला मागची चाकं रुंद हवी होती, दिसतील इतकी रुंद. सध्याची दोनशे पंच्याहत्तर मिलिमीटर रुंदीची होती आणि पार गुळगुळीत झाली होती.

"चुकलं कसं?" मास्तर म्हणाले. "तीनशे पाच बसतोय. दोनदा मोजलंय मी."

"बसतोय, पण उभ्या गाडीत. तुम्ही रिकाम्या गाडीचं माप घेतलंत." टायरवाल्याने काळा झालेला हात चाकाच्या वरच्या पोकळीत घातला. "आत माणूस बसला की गाडी दबते. त्यात खड्डा आला की चाक आणखी वर येतं. मग इथे आत घासतं."

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. पँटचं माप उभ्याचं घेतात आणि पँट फाटते बसताना, हे त्यांनी कितीतरी कारागिरांना ओरडून शिकवलं होतं. आज स्वतःच ती चूक केली होती.

"मग आत माया किती सुटेल?"

"काय सुटेल?"

"माया रे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना, ते. अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून."

"आम्ही त्याला गॅप म्हणतो," टायरवाला हसला.

मुलाच्या पँटींना मास्तर दोन इंच माया सोडत. शाळेत होता तेव्हापासूनची सवय, तिशीला आला तरी सुटली नाही. तो चिडवायचा, "बाबा, आता मी कुठे वाढतोय?" कपाटात आठ पँटी होत्या. माया सगळ्यांची शाबूत.

"आत बसा बरं, तुमच्या वजनावर बघू," टायरवाला म्हणाला.

मास्तर बसले. सीट मुलाच्या लांब पायांच्या मापाने मागे होती. ती पुढे ओढायला हात धजत नव्हता, म्हणून ते पाठीमागे उशी घेत. टायरवाला वाकून बराच वेळ चाचपत राहिला.

"तुम्ही एकटेच असाल तर तीनशे पाच चालून जाईल, कसाबसा. शेजारी कुणी बसलं की घासणार. आणि घासत राहिला तर एक दिवस फुटणार." तो खिडकीशी आला. "शेजारी कुणी बसतं का?"

मास्तरांनी चिठ्ठी काढली. दोन रेघांपैकी खालची जोर देऊन ओढलेली होती, कागद फाटेल इतकी. आता तरी काहीतरी वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. काही वाटलं नाही.

"बसते," ते म्हणाले. "एक माप कमी कर."

"दोनशे पंच्याण्णव. आणि रबर? एक मऊ येतं, शर्यतीचं. तापलं की रस्ता सोडत नाही, पण पावसात काही खरं नाही."

"रोजची गाडी आहे, बाबा. पावसात धरणारं दे."

दुपारी घरासमोर गाडी थांबली तेव्हा बायको दारात बसून पँटीला हातशिलाई घालत होती. तिने सुई थांबवली आणि मागच्या चाकांकडे पाहिलं.

"त्याला हवे होते ते घातले?"

चिठ्ठी तिनेही पाहिली होती तर. मास्तर गुडघे धरून उतरले. "नाही. एक माप कमी घातलं."

"का?"

"ते घातले असते तर तू बसल्यावर घासले असते."

सुई कापडात खोचून, पँट घडी करून तिने उंबऱ्यावर ठेवली. मग गाडीला वळसा घालून आली आणि मागचा-पुढचा विचार न करता आत बसली. गाडी किंचित दबली. मास्तर चाकाशी उकिडवे बसले. एका हाताने पत्रा धरून त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं टायर आणि पत्र्याच्या मध्ये सरकवली.

"काय बघताय?" आतून आवाज आला.

"माया."

तिने जन्मभर त्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. माया म्हणजे काय, हे तिला विचारावं लागलं नाही.

"किती आहे?"

"दोन बोटं."

"पुरे," ती म्हणाली, आणि तिने पट्टा लावल्याचा आवाज झाला. "चला आता, एक चक्कर मारून येऊ."

मास्तरांना उठता येईना. चष्म्याच्या काचा आतून भिजल्या होत्या, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.