ब्याऐंशी किलो काही नाही

आमची जीप वाहन तपासणी निरीक्षकांच्या टेबलावर चढली, त्यांचा शिक्का उडून पाण्याच्या बादलीत पडला आणि गाडी तिसऱ्यांदा, म्हणजे कायमची, नापास झाली.

असं काहीही घडलेलं नाही. घरात तसं ठरलंय. तर सुरुवातीपासून सांगते.

काका सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःपेक्षा चार वर्षांनी मोठी असलेली एक सैन्याचीच जीप लिलावात घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभी केली. एवढ्या जुन्या गाडीसाठी नियम असा, की तपासणीच्या मैदानावर आखलेल्या चाळीस मीटर पांढऱ्या रेघेवरून सरळ जाऊन दाखवायचं. संधी तीन. तिन्ही हुकल्या की गाडी कापून भंगारात. पहिल्या दोन्ही वेळा जीप रेघ सोडून डावीकडे गेली. त्यानंतर काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण पहिला घास मला खायला लावून.

काकांचा तसा कुणावरच विश्वास नाही. हातात दोन घड्याळं घालतात, आणि दोन्ही एकच वेळ दाखवायला लागली की म्हणतात, "संगनमत आहे."

अशा माणसाकडे मिस्त्री आले. जुन्या गाड्यांचे जाणकार, अंगाने भरदार, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या सीटखालच्या लोखंडी पेटीवर बोट ठेवलं. तिला कुलूप होतं. किल्ली काकांच्या गळ्यात.

"पेटीत काय आहे, साहेब?"

"हवा."

"हवेला कुलूप?"

"मूळ हवा आहे. त्या काळची."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

काकांनी मला स्टुलावर बसवून मिस्त्रींच्या हातांवर नजर ठेवायला सांगितलं. मूळ भाग काढून नकली बसवतात म्हणे ही मंडळी. तासाभराने मिस्त्रींनी मला हळूच काकांच्या हातांवर नजर ठेवायला सांगितलं. मी दोन्ही गोष्टी काकूला सांगितल्या. काकू म्हणाली, "तू स्वतःच्या हातांवर ठेव, नखं किती वाढलीत बघ."

काम मात्र मिस्त्री खरं करत होते. पुढचं चाक जॅकवर उचलून त्यांनी दोन्ही हातांनी हलवलं, टकटक वाजलं. चाक ज्या खिळीवर वळतं ती, किंगपिन, सैल होती. ताशी तीसच्या वर गेलं की स्टिअरिंग एवढं थरथरायचं, की काका समोरच्या प्रत्येकाला नको नको म्हणतायत असं वाटायचं. मिस्त्रींनी किंगपिनखालच्या दोन पातळ चकत्या काढल्या, थरथर गेली. काकांनी त्या चकत्या मोजून, कागदात गुंडाळून, पेटीत टाकल्या. पेटी उघडताना आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. काकूलाही.

उरलं डावीकडे ओढणं. मिस्त्रींनी टेप लावला. गाडी डावीकडे दोन बोटं झुकलेली. "डाव्या स्प्रिंगचे कमानपाटे दबलेत," ते म्हणाले, "पण दिसतात तर ठणठणीत. काहीतरी संशयास्पद आहे."

"हे तुम्हीच म्हणालात," काका म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मिस्त्रींनी डाव्या बाजूला एक जादा पाटा घातला, पुढचा आस अर्धं बोट सरकवला. मग गल्लीत चाचणी. मिस्त्रींना सीटवर बसायची परवानगी नव्हती. काका चालवायचे आणि मिस्त्री मान तिरकी करून, चाकाकडे बघत, बाजूने पळायचे. नऊ दिवस पळाले. दहाव्या दिवशी काकांनी स्टिअरिंग सोडलं आणि जीप गल्लीच्या टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखी गेली. मिस्त्री धापा टाकत हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "इतकं सरळ कसं?"

अकराव्या दिवशी तपासणी. आदल्या संध्याकाळी काकांनी मिस्त्रींना आणि निरीक्षकांना एकाच न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. "दोघांच्या मिशा एकाच कात्रीच्या आहेत," ते मला कानात म्हणाले. "उद्या पेटीवर धाड पडणार."

सकाळी काकूने विचारलं, "अहो, माझ्या पलंगाखाली काय ठेवलंय? अंगठा फुटला माझा."

"काही नाही."

मैदानावर निरीक्षक टेबल मांडून रेघेच्या उजव्या हाताला बसले होते. काकांनी बूट पुसले, जीप रेघेवर लावली आणि निघाले.

"हात सैल सोडा," निरीक्षक म्हणाले.

काकांनी सोडले. पुढचं घडलेलं नाही, हे मी सांगितलंच आहे. फक्त, यावेळी जीप उजवीकडे गेली.

निरीक्षक खुर्चीमागून उठले, बादलीतून शिक्का काढला आणि ओलाच उठवला. मिस्त्री मात्र थेट डाव्या सीटपाशी गेले. कुलूप नव्हतं. झाकण उघडलं. पेटी रिकामी, तळाला गंजाचे ठसे होते, पाट्यांचे, दातेरी चाकांचे, एक पान्ह्याचा.

"इथं काय होतं, साहेब?"

"काही नाही."

"किती किलो काही नाही?"

काकांनी टेबलाचा मोडका पाय उचलून बाजूला ठेवला. "ब्याऐंशी," ते म्हणाले. "सगळे मूळ भाग. मला वाटलं, तुम्ही पळवाल."

"मी नऊ दिवस तुमचे सुटे भाग सरळ चालवत होतो म्हणा की."

एवढं बोलून मिस्त्री परवानगी न विचारता डाव्या सीटवर जाऊन बसले. भंगारवाले पंधरा तारखेला येणार, तोवर गाडी घरी न्यायची होती. मी मागे बसले. काकांनी गाडी सुरू केली. मैदानाबाहेर मोकळा रस्ता लागला, त्यांचे हात आपोआप सैल झाले, आणि जीप सरळ गेली. पट्टीने आखल्यासारखी.

काकांनी ब्रेक मारला.

"मिस्त्री, तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"आधीपासून, की आत्ताच?"

"लग्नापासून."

काकांनी एक घड्याळ बघितलं, मग दुसरं. गाडी पुन्हा सुरू केली. घर येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावला नाही आणि एकदाही आरशात मागे बघितलं नाही. शेडमध्ये उतरल्यावर गळ्यातली किल्ली काढून मिस्त्रींच्या हातात ठेवली. मग मला म्हणाले, "अर्ज लिही. मी सांगतो तसा."

प्रति,
मा. वाहन तपासणी निरीक्षक

विषय : सदर मिस्त्रीस वाहनाचा मूळ भाग म्हणून नोंदवून घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की आमच्या जीपमध्ये तपासणीच्या वेळी एक मूळ भाग (वजन ब्याऐंशी किलो, मिशी एक) बसवलेला नव्हता व तो मैदानाच्या कडेला उभा होता. सदर भाग अस्सल असल्याची अर्जदाराने स्वतः खात्री केली असून, अर्जदार अशी खात्री सहसा करत नाही. तरी नोंदणी पुस्तकात कमानपाट्यांच्या खाली मिस्त्रींचा समावेश करावा, आपले टेबल त्या जागी कधीच नव्हते असे प्रमाणित करावे, आणि चौथी संधी ही पहिलीच समजून पंधरा तारखेच्या आत देण्यात यावी, ही नम्र विनंती.